डुलकी घेणारा डबा

जळकोट आणि अणदूर यांच्या मधे कुठंतरी, हमरस्ता सोडून थोडं आत, निजामाच्या अमदानीत एक लहानशी कचेरी होती. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून दुपारची झोपतात. उगाच कुणाची झोपमोड नको.

कचेरीत एक लांबट दालन. त्याच्या एका टोकाला साहेब बसत. नायब तहसीलदार, हैदराबादचे, स्वभावानं लोण्यासारखे. म्हणजे ऊन तापलं की वितळत. दुसऱ्या टोकाला पेशकार शरणबसप्पा. सकाळी कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून येत आणि दिवसभर साहेबांना जागं ठेवत. पेशकाराचं काम साहेबांपुढं कागद ठेवण्याचं असतं, असं लोक समजतात. कागदापुढं साहेब ठेवणं किती अवघड असतं, हे लोकांना कुठं माहीत!

आणि या सगळ्यांच्या डोक्यावर पंखा. आजच्यासारखा गरगर फिरणारा नव्हे. आढ्याला टांगलेली लांब फळी आणि फळीला जाड कापडाची झालर. फळीची दोरी भिंतीतल्या भोकातून मागच्या पडवीत जायची आणि तिथं गोरोबा असायचा. त्यानं दोरी ओढली की झालर एका बाजूला जायची, सोडली की परत यायची, आणि सरकारच्या कपाळावरचा घाम वाळायचा.

गोरोबाचं नाव तेरच्या गोरोबाकाकांवरून ठेवलेलं. काका नामात तल्लीन होऊन पायानं माती तुडवत. आमचा गोरोबा झोपेत तल्लीन होऊन पायानं दोरी ओढायचा. भक्तीचे मार्ग अनेक आहेत. दोरीचं टोक उजव्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळायचं, पडवीत उताणं पडायचं, गुडघा दुमडायचा आणि डोळे मिटायचे. अंगठा आपोआप चालतो. मधूनच कानाशी कचेरीमागच्या मळ्यातल्या गुंडप्पाच्या मोटेची कुरकुर, दूर कुठं पारव्यांचं घुमणं, पाटातून चाललेल्या पाण्याची गुळगुळ. दुपार अशी मऊ व्हायची की तिच्यावर बोट ठेवलं तर ठसा उमटावा.

मग गोरोबाला स्वप्न पडायचं. रोज तेच.

चूल पेटलेली आहे. धूर आहे, पण डोळ्यांना झोंबत नाही. स्वप्नातला धूर असल्यामुळं. चुलीपुढं बानूबाई, त्याची बायको, काठवटीत भाकरी थापते आहे. थप्, थप्, थप्. पिठाच्या हातानं ती कपाळावरचे केस मागं सारते आणि कपाळावर पांढरा डाग राहतो. भाकरी वाढत जाते. काठवटीएवढी होते, मग उंबऱ्याएवढी, मग माळावर उगवणाऱ्या चंद्राएवढी, तरी तिच्या हातात मावते. ती भाकरी तव्यावर सोडते, वळून गोरोबाकडं बघते आणि म्हणते, "आवं, ऐकलं का..."

गोरोबा ऐकायला मान पुढं करतो. सारं अंग कान करून थांबतो.

आणि आभाळातून आवाज येतो, "पंखाऽ!"

आभाळ म्हणजे साहेब.

बानूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तापाच्या साथीत गेली. त्या दिवशी तिनं अंथरुणातून अशीच हाक मारली होती, "आवं, ऐकलं का," आणि गोरोबा "म्हशीला पाणी दावून आलोच" म्हणून बाहेर गेला होता. म्हैस हावरी. सावकाश, चवीचवीनं प्यायली. तो घरात परतला तेव्हा ऐकवणारं कुणी उरलं नव्हतं. पुढं म्हैस विकली, लेक अयोध्या ईट गावाला दिली, आणि घरात राहिला गोरोबा आणि ते अर्धं वाक्य. पंखा ओढायची नोकरी लागली आणि ते अर्धं वाक्य रोज दुपारी यायला लागलं. उरलेलं अर्धं ऐकायचं, एवढंच त्याला आता आयुष्यात करायचं होतं.

लोकांना हे माहीत होतं. आमच्याकडं एकाचं स्वप्न सगळ्या गावाचं असतं.

"मीठ संपलंय म्हणायचं असंल," पेशकार शरणबसप्पा म्हणायचे. "बायका दुसरं काय सांगत्यात रे?"

"मिठासाठी सपनात कशाला यील ती?" गोरोबा म्हणायचा.

"मग दुकानात यील व्हय? मेलेली बाई!"

गोरोबाला राग यायचा नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. आपल्या भागात देवसुद्धा घर बदलतो. खंडोबा काही महिने अणदूरला राहतो, काही महिने नळदुर्गला. मग बानूबाई दुपारपुरती स्वप्नात राहायला आली तर त्यात नवल काय? फक्त देवाला कुणी मधेच "पंखा!" म्हणून ओरडत नाही.

त्या साली पावसानं मधेच दडी मारली आणि भादव्याचं ऊन असं पडलं की कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसले. साहेब सारखे ओरडू लागले. एका दुपारी तर बानूबाईनं वळून नुसतं बघितलं होतं, तोंड उघडायच्या आतच "पंखाऽ!" गोरोबा धडपडत उठून बसला. झोप उडाली ती उडालीच. आता काय करावं म्हणून तो हातानं दोरी ओढत भिंतीतल्या भोकाला डोळा लावून बसला.

आत साहेबांना डुलकी लागत होती.

नोकरी लागल्यापासून गोरोबानं हे कधी पाहिलं नव्हतं, कारण साहेब झोपत तेव्हा तोही झोपलेला असे. आज तो जागा होता. त्यानं पाहिलं, साहेबांची मान ताठ आहे. मग डोक्यात झोप साचायला लागते. थेंब थेंब. मान थोडी जड होते. आणखी जड. रुमी टोपीचा गोंडा पुढं येतो. मग एकदम, भरलेली घागर कलंडावी तशी मान खाली, हनुवटी छातीवर. सगळी झोप सांडते. डोकं रिकामं, हलकं. पेशकार खोकतात. मान वर, ताठ. आणि परत थेंब थेंब.

गोरोबा बघत राहिला. भरतंय, कलंडतंय, सांडतंय, वर येतंय. मागं गुंडप्पाच्या पाटाचं पाणी गुळगुळ करत मिरच्यांकडं चाललं होतं. साहेबांची मान खाली गेली, आणि गोरोबाच्या हातातली दोरी तिच्याबरोबरच ओढली गेली. मान वर आली, दोरी सुटली. मान, दोरी. दोरी, मान. त्याला वाटलं, दोरी आपल्याऐवजी साहेबांच्या टोपीला बांधली तर? पंखा साहेबच ओढतील, त्यांना वाराही लागेल आणि कुणाला ओरडायचं कारणच उरणार नाही.

पण हे सरकारला चाललं नसतं. म्हणून तो दुसरी मान शोधायला लागला.

घासलेटचा एक रिकामा डबा पडवीच्या कोपऱ्यात होता. महायुद्धामुळं घासलेट मिळत नव्हतं, डबे मात्र रिकामे मुबलक. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर गोरोबानं डबा पाटावर कडीनं टांगला आणि थारोळ्यातनं येणाऱ्या पाण्याखाली धरला. मोटेचं पाणी पडतं ते दगडी थारोळं गुंडप्पाचं. तो बैल थांबवून बघायला आला. डबा भरला. भरून वाहायला लागला. वाहत राहिला. कलंडायचं नाव नाही.

"काय चाललंय रे?" गुंडप्पानं विचारलं.

"सायबाची मान करतोय."

गुंडप्पानं डब्याकडं बघितलं, कचेरीकडं बघितलं. मग दोन्ही बैलांकडं बघितलं, त्यांना काही सुचतंय का म्हणून. "मान अशी असती व्हय?"

"मग कशी असती?"

"तुझ्या सायबाला काय वरनं टांगलाय का? मान डोस्क्याच्या खाली असती, येड्या."

गोरोबानं स्वतःची मान चाचपली. खरंच खाली होती.

मग त्यानं डब्याला वरून टांगायचं सोडून दिलं. मधापेक्षा थोडं खाली आरपार भोकं पाडली, त्यातून लोखंडी गज घातला, फटी मेणानं बुजवल्या आणि गजाची टोकं जमिनीत रोवलेल्या दोन दुबेळक्यांवर, फांद्यांच्या बेचक्यांवर, ठेवली. वर पन्हळीतून पाण्याची धार. डब्याच्या डोक्यात पाणी साचलं, डबा जड झाला, थोडा झुकला, आणखी झुकला आणि भस्सकन तोंडावर पडला. पाणी सांडलं. गुंडप्पा टाळी वाजवून हसला. पण डबा पडला तो पडूनच राहिला.

"आता?"

"आता पेशकार खोकत्यात," गोरोबा म्हणाला.

डब्याजवळ पेशकार नव्हता. म्हणून गोरोबानं त्याच्या बुडाला एक गोटा बांधला. पाणी सांडलं की गोट्याच्या वजनानं डबा परत ताठ. त्या दिवसापासून कचेरीतले शिपाई त्या गोट्याला पेशकारच म्हणायचे. शरणबसप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी नाराजी दाखवली, पण गोटा बदला असं म्हणाले नाहीत.

एवढ्यावर थांबेल तर तो गोरोबा कसला! त्याला वाटलं, मान आहे तर डोकं पाहिजे आणि डोकं आहे तर डोक्यावर काहीतरी पाहिजे. उघड्या डोक्यानं सरकारात कोण डुलक्या घेतं? त्यानं आपला लाल पटका सोडून डब्याच्या काठाला गुंडाळला. शहाण्या माणसानं हे केलं नसतं, आणि शहाण्या माणसाचा डबा दर वेळी दुबेळक्यावर खणकन आपटून त्यानं साहेबांना उठवलं असतं. पटक्यामुळं आवाज मऊ झाला. थप्. पाणी. थप्. पाणी.

पुढच्या दुपारी गोरोबानं दोरी अंगठ्याची सोडून डब्याच्या काठाला बांधली. डबा झुकला, आत झालर एका बाजूला गेली. डबा ताठ झाला. झालर परत आली. वारा सुटला. थोडा रेंगाळत, पण वाराच.

आतून साहेबांचा आवाज आला, झोपाळू, समाधानी. "शाब्बास."

पंखा ओढण्याबद्दल गोरोबाला कधी शाब्बासकी मिळाली नव्हती. त्यानं पंखा ओढायचं थांबवल्यावर मिळाली.

हात, पाय, अंगठा सगळं मोकळं करून गोरोबा पडवीत आडवा झाला. आता कुणी ओरडणार नव्हतं. पंखा थांबणार नव्हता. त्यानं अंगावरचं धोतर सारखं केलं, तोंडावरून हात फिरवला, पाहुणा यायचा असला की फिरवतात तसा. डोळे मिटले.

झोप आली. गाढ, थंड, काळीभोर, आडात उतरल्यासारखी. संध्याकाळी गुंडप्पानं हलवलं तेव्हा तो वर आला.

"काय म्हणली?" गुंडप्पानं विचारलं.

"आलीच न्हाय."

दुसऱ्या दिवशीही आली नाही. तिसऱ्या दिवशी गोरोबा चुलीची आठवण काढत झोपला. चूल नाही, धूर नाही, थप्थप् नाही. पुढं तर त्यानं अणदूरच्या खंडोबाचा भंडारा कपाळाला लावून बघितला. खंडोबानं छान झोप दिली. मागितली नव्हती ती.

इकडं कचेरीत आनंदीआनंद. पूर्वी पंखा कधी चाले, कधी थांबे, आणि थांबला की माणसं जागी होऊन थोडंफार काम करत. आता तो थांबेचना. साहेब झोपले. अहलकार, म्हणजे कारकून मंडळी, झोपले. तक्रार घेऊन आलेली माणसं भिंतीला टेकून झोपली आणि संध्याकाळी भांडण विसरून घरी गेली. शेवटी पेशकार शरणबसप्पासुद्धा एका दुपारी खोकायला म्हणून तोंड उघडून तसेच राहिले. त्या कचेरीबद्दल लोकांचं मत इतकं चांगलं पूर्वी कधी नव्हतं.

साहेबांनी मागं येऊन डबा बघितला. बराच वेळ बघितला. त्याच्या झुकण्यात त्यांना काहीतरी ओळखीचं वाटलं असावं, पण काय ते त्यांना आठवेना.

"क्या दिमाग पाया रे तू, गोरोबा!" ते म्हणाले. "बडे साब आते अगले हफ्ते. उनको दिखाएंगे. ये डब्बा हैदराबाद जाता, देख. तू भी जाता. सब सरकारी पंख्यों का दरोगा बनता तू!"

आणि मीसुद्धा जातो, असं साहेब मनात म्हणाले. ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यांचं घर, त्यांची गल्ली, तिथल्या संध्याकाळी. सगळं डब्याच्या पाण्यात हलताना दिसत होतं. त्यांनाही झोपेत काहीतरी दिसत असणारच की. माणूस काही उगाच ओरडत नाही.

"व्हय साब," गोरोबा म्हणाला, आणि मळ्याच्या बांधावर जाऊन बसला.

तिथं सिद्धम्मा शेंगा फोडत बसली होती. गुंडप्पाची आई. गावात सगळ्यांची अव्वा. तिचं घर गोरोबाच्या घराला लागून, भिंतीला भिंत. बानूबाईचं बाळंतपण तिनंच केलेलं.

"तोंड का असं पडलंय रे? दरोगा होणार म्हणं तू."

"अव्वा, ती यीना झालीया."

सिद्धम्मानं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "तुला काय वाटतं, तू लई गुणाचा म्हणून ती यायची? दोरीमुळं यायची ती."

"पंख्याच्या?"

"अय्यो! पाळण्याच्या रे. तुझी अयोध्या तान्ही होती तव्हा. रडकी पोर. बानू भाकरी थापायची आन् तुझ्या अंगठ्याला पाळण्याची दोरी बांधून ठेवायची, म्हंजी पोर बी निजंल आन् तू बी उठून पारावर जाणार न्हाईस. तेवढाच येळ ती तुझ्याशी बोलायची. आमाला भिंतीपल्याड सगळं ऐकू यायचं."

गोरोबा आपल्या अंगठ्याकडं बघायला लागला. अंगठ्यावर दोरीचा वळ होता. जुना, कातडीत मुरलेला. पंख्याचा की पाळण्याचा, आता सांगता येत नव्हतं.

"मग काय बोलायची ती, अव्वा?"

"तुला म्हाईत! तुझी बायको."

"आठवत न्हाय."

"आठवंल कसं? ती बोलाय लागली की तू ऐकाय म्हणून पाय थांबवायचास. पाय थांबला की पाळणा थांबायचा, पाळणा थांबला की पोर उठायची, आन् मग कसलं बोलणं! बानू म्हणायची, ह्येनला एका येळी एकच काम जमतंय, अव्वा. ऐकायचं तरी, न्हायतर हालवायचं तरी." सिद्धम्मा पदरानं तोंड झाकून हसली. "ऐकताना बी दोरी हालवावी बाबा. बायकांचं ऐकायची हीच रीत हाय."

गोरोबानं अंगठा हळूच हलवून बघितला. स्वप्नात आपण मान पुढं करून थांबतो, ते त्याला आठवलं. थांबतो. अंगठाही थांबतो. म्हणून तर साहेब ओरडतात. इतके दिवस त्याला वाटत होतं की साहेबांनी बानूबाईचं तोंड बंद केलं.

बडे साहेब आले त्या दिवशी कचेरी झाडून, सारवून, शिंपून लख्ख केली होती. डब्याचा पटका धुवून परत बांधला होता. बडे साहेब म्हणजे जाड भिवयांचे, शेरवानीतले, रस्त्यानं धूळ खाऊन आलेले गृहस्थ. त्यांना सरबत दिलं. ते दालनात बसले आणि झालरीचा वारा त्यांच्या भिवयांना लागला.

"वाह," ते म्हणाले.

"हुजूर, कोई खींचता नहीं," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज आनंदानं कापत होता. "आपसे आप चलता."

"आपसे आप?"

"हौ हुजूर. पहले जरा आराम फरमाओ, फिर दिखाता."

त्या वेळी मागच्या पडवीत गोरोबा डब्यापुढं उभा होता. पुढं हैदराबाद, दरोगा, शाब्बासकी. सगळं त्याला माहीत होतं. डबा झुकला, सांडला, ताठ झाला. गोरोबानं त्याच्या पटक्यावरून एकदा हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. मग डबा पुढं झुकायच्या आत चटकन दोरी सोडली आणि आपल्या अंगठ्याला गुंडाळली. ओढली. आत झालर हलली. कुणाला काही कळलं नाही. तो उताणा पडला, गुडघा दुमडला.

अंगठा चालू लागला.

डबा मात्र आता मोकळा होता. दोरीचं ओझं गेल्यामुळं तो भराभर झुकायला लागला. थप्, पाणी. थप्, पाणी.

थोड्या वेळानं मंडळी मागं आली. पुढं साहेब, मग बडे साहेब, मग पेशकार. मिरच्यांच्या मळ्यापलीकडं पिवळी ज्वारी उभी, तिच्यावर पाखरं. पाटावर लाल पटका बांधलेला एक डबा. तो मोठ्या अदबीनं मान झुकवत होता, ताठ होत होता, परत झुकवत होता. त्याला दोरी नव्हती.

बडे साहेबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"तो ये है आपका यंतर. करता क्या है ये?"

साहेबांनी दोरी शोधली. डब्यावर शोधली, डब्याखाली शोधली, पाण्यात बघितली. "हुजूर..." ते म्हणाले. "हुजूर, ये... गर्दन हिलाता है."

"बस? इतनाच?"

"हौ हुजूर."

बडे साहेब बराच वेळ डब्याकडं बघत राहिले. डब्यानं त्यांना पुन्हा एकदा मान झुकवली.

"मियाँ," ते शेवटी म्हणाले, "ऐसे तो सदर कचेरी में हमारे पास बहोत हैं."

आणि ते असे हसले की ज्वारीवरची पाखरं उडाली. साहेब हसले नाहीत. डब्याच्या पाण्यातली त्यांची गल्ली भसकन सांडून मिरच्यांकडं चालली होती. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा त्यांना दोरी दिसली. भिंतीतल्या भोकातून आलेली, पडवीतून गेलेली, गोरोबाच्या अंगठ्यापर्यंत. गोरोबा झोपला होता. गाढ. आणि अंगठा चालला होता.

पेशकार पुढं झाले. "ए गोरोबा! ऊठ! एनप्पा हे..."

साहेबांनी तोंड उघडलं. तो एक शब्द त्यांच्या ओठांवर आला होता, ज्यावर त्यांची एवढी हुकमत. त्यांनी भोकातून आत बघितलं. झालर हलत होती. एका लयीत, मऊ, पूर्वी कधी हलली नव्हती अशी. ओरडायला कारणच नव्हतं. मग त्यांनी गोरोबाच्या तोंडाकडं बघितलं आणि उघडलेलं तोंड मिटलं.

"नक्को," ते पेशकारांना हळूच म्हणाले. "सोने दो. कोई मिला हुएंगा उसको."

मंडळी पाय न वाजवता आत गेली. डबा पुढं गुंडप्पानं नेला. त्याचा पटका काढला, ज्वारीच्या कडेला पाटावर बसवला. तिथं तो खण्खण् आपटत मान हलवायचा आणि पाखरं उडायची. त्या भागात पुढं बऱ्याच शेतांवर असे डबे दिसायचे. ते मुळात कुणाच्या मानेवरून निघाले, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

पण ते नंतरचं. त्या दुपारी आत बडे साहेबांची मान झुकली, साहेबांची झुकली, पेशकारांची झुकली. झालर सगळ्यांवरून जात होती, येत होती. दालन सावकाश एका बाजूला कलत होतं आणि परत येत होतं, टोप्या, पटके, भिंतीला टेकलेले पक्षकार, सगळ्यांना घेऊन. बाहेर पारवे घुमत होते.

चूल पेटलेली होती. धूर झोंबत नव्हता. बानूबाईनं भाकरी थापली. थप्, थप्, थप्. पिठाच्या हातानं केस मागं सारले. भाकरी चंद्राएवढी झाली. तव्यावर सोडून ती वळली.

"आवं, ऐकलं का..."

गोरोबानं मान पुढं केली नाही. तो थांबला नाही. अंगठा चालत राहिला.

आभाळ गप्प होतं.

"...दोरी थांबवू नगा," बानूबाई म्हणाली. "लेकरू आत्ता कुठं निजलंय."

"न्हाय थांबवत," गोरोबा म्हणाला.

तिनं भाकरी उलटली. ती फुगली, टम्म, उजेडानं भरल्यासारखी. मग पाळणा थांबत नाही असं बघून ती आणखी बोलायला लागली. म्हशीचं बोलली. सिद्धम्माच्या सुनेचं बोलली. कुठल्याशा लग्नातल्या चोळखणाचं बोलली. गोरोबा ऐकत होता, दोरी हलवत होता. दोन्ही कामं जमत होती. बोलता बोलता तिनं चुलीमागच्या मडक्यात हात घातला आणि बोटं कोरडी बाहेर काढली.

"आन् व्हय," ती म्हणाली, "मीठ संपलंय."

दिवस कलला तेव्हा कचेरी सुटली. बडे साहेबांची गाडी गेली, धूळ खाली बसली. गोरोबानं अंगठ्याची दोरी सोडली, खुंटीला नीट गुंडाळून ठेवली आणि गावाकडं निघाला. वाटेत सिद्धलिंगाच्या दुकानावर थांबला. तिथं पेशकार शरणबसप्पा पान खात उभे होते.

"काय घेतोस रे?"

"मीठ," गोरोबा म्हणाला.

पेशकारांनी खोकायला तोंड उघडलं. मग नुसतंच पान चघळत राहिले.